लाटेचे राखणदार

मला सर्फिंग येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. मी मूळची गुहागरची. समुद्राशी फार सलगी करू नये हे लहानपणीच अंगात भिनलेलं. तरीही मेलबर्नच्या नैऋत्येला शंभरेक किलोमीटरवर, टॉर्की गावाजवळच्या बेल्स बीचवर, मी बरीच वर्षं सर्फिंगच्या नावाने राबते आहे. मुलगी सर्फिंगला जायची. तिला नेऊन सोडायचं आणि ती पाण्याबाहेर येईपर्यंत गाडीत बसून राहायचं, याचा कंटाळा यायचा. कड्यावर काही मंडळी कुदळ-फावडी घेऊन रोपं लावताना दिसली, त्यांच्यात मिसळले. थोड्याच दिवसांत कोणीतरी विचारलं, "तू अकाउंटंट ना?" तेव्हापासून हिशेब, बैठकांची इतिवृत्तं आणि सरकारी अर्ज माझ्या गळ्यात आहेत.

बेल्सची ओळख थोडक्यात. व्हिक्टोरिया राज्यात १९७३ साली हा किनारा सर्फिंगसाठी राखीव म्हणून जाहीर झाला. जगातला असा पहिला किनारा म्हणून तो ओळखला जातो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे स्पर्धा होते, साधारण ईस्टरच्या सुमारास, आणि जिंकणाऱ्याला खरोखरीची घंटा मिळते. रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर या दोन्ही कंपन्या टॉर्कीच्याच. 'पॉइंट ब्रेक' या चित्रपटाचा शेवट बेल्सवर घडतो, चित्रीकरण मात्र अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर झालं. हे गाऱ्हाणं इथली माणसं प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, "लाट कशी गं राखतात? ती तर येते नि जाते." त्यांच्यासाठी आणि अशा कामात पडायची इच्छा असणाऱ्या कोणासाठीही, हाताशी आलेल्या काही गोष्टी लिहिते.

१. लाट येते समुद्रातून, तिला आकार देतो तळ

ऑस्ट्रेलियाच्या या भागाच्या दक्षिणेला, टास्मानियाचं बेट सोडलं तर, थेट अंटार्क्टिकापर्यंत अडवायला जमीनच नाही. चाळीस अक्षांशाच्या खालच्या पट्ट्यात वारे बारा महिने मोकाट असतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात. त्या सगळ्याच किनाऱ्यांवर येतात. मग बेल्सचंच कौतुक का? पाणी उथळ होऊ लागलं की लाटेचा खालचा भाग तळाला अडतो, तिचा वेग मंदावतो, ती वळते. ती एकदम आडवी कोसळणार की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाणार, हे तळाच्या चढ-उतारावर ठरतं. बेल्सला पाण्याखाली खडकाचा कट्टा आहे. त्यावरून लाट उजवीकडे लांबवर उलगडत जाते, आणि सर्फरला हवी असते ती हीच. धाडकन आडवी पडणारी लाट त्याच्या काही कामाची नाही.

तेव्हा राखायचा तो तळ, वाळू, नदीचं मुख आणि त्या नदीने वाहून आणलेले गोटे. कॅलिफोर्नियात डेना पॉइंटला १९६६ साली बंदराचं काम सुरू झालं आणि 'किलर डेना' नावाची गाजलेली लाट कायमची संपली. स्पेनच्या बास्क प्रांतात मुंडाका नावाचं गाव आहे. तिथली लाट खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर उभी राहते. जहाजांसाठी खाडीतला गाळ उपसला, दांडा विस्कटला, आणि २००५ साली तिथली जागतिक स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे खाडीने आपला दांडा पुन्हा रचला, लाट परत आली. वाळू परत येते. दगडी बांध काही आपणहून उठून जात नाही.

मला तरी ही गोष्ट कळल्यावरच या कामात रस वाटू लागला. खाडीतला रेतीउपसा आणि त्यानंतर खचणारे काठ ही कोकणातल्या माणसाला नवलाची गोष्ट नाही.

२. सन्मान मिळाला की त्यातली बारीक अक्षरं वाचावीत

किनाऱ्याला 'राखीव' म्हणण्याच्या अनेक तऱ्हा आहेत आणि सगळ्यांचं वजन सारखं नाही. बेल्सची जमीन कायद्याने राखीव आहे, शिवाय तिचं नाव व्हिक्टोरियाच्या वारसा यादीत आहे. सिडनीकडच्या न्यू साउथ वेल्स राज्यात 'नॅशनल सर्फिंग रिझर्व्ह' ही चळवळ उभी राहिली; ब्रॅड फार्मर हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक. मरूब्रा हा त्यातला पहिला किनारा, २००६चा. अर्ज करायचा तो गावातल्याच लोकांनी. लाटेचा दर्जा, तिथला सर्फिंगचा जुना वावर आणि लोकांच्या मनातलं त्या जागेचं स्थान, या तिन्ही बाबी दाखवून द्याव्या लागतात.

मग येतात 'वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह'. 'सेव्ह द वेव्ह्ज' ही अमेरिकन संस्था ते जाहीर करते: २०१० साली मालिबू, २०११ला पोर्तुगालचं एरिसेरा, २०१२ला सिडनीचं मॅनली, २०१६ला गोल्ड कोस्ट, २०२०ला नूसा. समारंभ थाटाचा होतो, पाटी लागते, स्थानिक लोकांची समिती नेमली जाते. पण या पदवीमागे कायदा नाही. उद्या कोणी शेजारी धक्का बांधायला निघालं, तर ही पदवी दाखवून न्यायालयातून स्थगिती मिळणार नाही.

पेरू देशाने मात्र थेट कायदाच केला. लिमाजवळच्या ला एर्रादुरा या लाटेजवळ रस्ता काढताना डोंगराचा राडारोडा समुद्रात पडला आणि लाट बिघडली. तिथल्या सर्फरांनी त्याचा धडा घेतला आणि २००० साली लाटांना संरक्षण देणारा कायदा संमत करून घेतला. नियम व्हायला त्यापुढे एका तपाहून जास्त काळ गेला, आणि चिकामा ही जगातल्या सर्वांत लांब लाटांपैकी एक मानली जाणारी लाट २०१६ साली त्याखाली नोंदली गेली. न्यूझीलंडने २०१०च्या किनारा धोरणात राष्ट्रीय महत्त्वाच्या १७ सर्फिंग जागांची यादीच जोडली आहे. तिथे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्या यादीकडे डोळेझाक करता येत नाही.

माझं मत विचाराल तर समारंभापेक्षा मला ती १७ नावांची रुक्ष यादी जास्त आवडते. पण आमच्या गटातला एक म्हातारा सर्फर म्हणतो, "समारंभ झाला नाही तर यादी करायला पुढारी येतील कशाला?" त्याचंही खरं आहे.

३. प्रेम करणाऱ्यांनीच पहिला रस्ता पाडला

१९६० साली बेल्सवर यायला धड वाट नव्हती. जो स्वीनी नावाच्या ऑलिम्पिक कुस्तीगिराने बुलडोझर भाड्याने आणून कड्यावरून रस्ता काढला आणि खर्च वसूल करायला प्रत्येक सर्फरकडून एकेक पौंड घेतला. पैलवानाने बुलडोझर आणावा आणि वर्गणीही काढावी, हे कोल्हापूरकरांना लगेच पटेल. त्या वाटेने माणसं आली, गाड्या आल्या, जिथे जागा दिसेल तिथून खाली उतरायच्या पायवाटा पडल्या, आणि कड्याचा माथा उघडा पडला. पुढे ते झाकायचं काम सर्फरांच्याच एका गटाने हाती घेतलं. किनाऱ्याला धोका बिल्डरचाच असतो असं समजून येणाऱ्या नव्या स्वयंसेवकाला मी ही हकीकत आधी सांगते.

४. तण उपटणं हे लाटेचंच काम आहे

हे पटायला वेळ लागतो. तरुण मुलं येतात ती घोषणा द्यायला. त्यांच्या हातात आम्ही हातमोजे देतो.

बेल्सचे कडे चुनखडीच्या आणि मार्लच्या थरांचे आहेत, गेरूच्या रंगाचे. मार्ल म्हणजे चुनामिश्रित चिकणमाती. ती भिजली की ढिली होते आणि कड्याचे कपचे कोसळतात. माथ्यावर मुळं धरून ठेवणारी झाडी असेल तर पावसाचं पाणी मुरतं, वाहतं तेही सावकाश. झाडी गेली की तेच पाणी घळी पाडत खाली उतरतं. कडा थोडाफार ढासळायचाच, तो त्याचा स्वभाव आहे. पण आपल्या पायांनी त्याची घाई वाढवू नये, एवढाच हेतू.

तणांमध्ये मुख्य वैरी म्हणजे बोनसीड. दक्षिण आफ्रिकेतून बागेसाठी आणलेलं झुडूप, पिवळी गोजिरी फुलं, हाडासारखं टणक बी. एकेक झुडूप वर्षाला हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मुळं मात्र उथळ असतात. पावसाने माती ओली झाली की बुंध्याशी धरून सरळ वर ओढायचं, तिरकं ओढलं तर तुटतं. उपटलेलं झुडूप मुळं वर करून आडवं टाकायचं, म्हणजे ते पुन्हा जीव धरत नाही. हे सगळं मला एका निवृत्त बसचालकाने शिकवलं. तो तण उपटताना एक शब्द बोलत नाही आणि चहाच्या वेळी थांबत नाही.

रोपं लावायचा हंगाम हिवाळा. जुलैअखेर देशभर वृक्षदिन असतो, त्या दिवशी आमच्याकडे सर्वांत जास्त हात असतात. बारक्या नळीत वाढवलेलं वीतभर रोप, त्याच्याभोवती तीन काठ्या, काठ्यांवर चढवलेली प्लॅस्टिकची बाही. बाही नसेल तर ससे आणि वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, एका रात्रीत फडशा पाडतात. येताना-जाताना बुटांचे तळवे ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे, कारण या भागातल्या रानांत मुळं कुजवणारी एक बुरशी आहे आणि ती चिखलावर बसून फिरते. आधी मला हा कर्मठपणा वाटायचा. मग एकदा शेजारच्या रानात बुरशीने वाळलेल्या झुडपांचा पट्टा कोणीतरी दाखवला. आता मी दुसऱ्यांचे बूट तपासते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मालवणहून आले होते तेव्हा त्यांनाही नेलं. ते टोपी सावरत एका झाडापाशी गेले, खाली वाकणारी बारीक हिरवी काडी तोडली, बोटांत तिची पेरं मोडून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हा सुरूच की!" सुरूच नव्हे, पण त्याच्याच कुळातलं झाड, शीओक. आपल्या किनाऱ्यांवरचा सुरू मूळचा आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा, तो वनखात्याने आपल्याकडे लावला. अण्णांना मग मी सांगितलं की कोकणात आता वाळूवर सुरू लावायला निसर्गप्रेमींचा आक्षेप असतो. त्याच्या काड्यांचा थर आणि मुळं कासवांना अंडी घालायला अडचणीची ठरतात. अण्णा जरा नाराज झाले. "म्हणजे इथे लावायचं ते पुण्य आणि तिथे लावायचं ते पाप?" मी म्हटलं, "हो अण्णा, अगदी तसंच." त्यांनी त्या दिवशी शीओकची रोपं लावली, पण परत जाताना गाडीत हा वाद टॉर्कीपासून जिलाँगपर्यंत पुरला.

५. खड्डा खणण्याआधी विचारावं लागतं

हा किनारा वाडावुरुंग लोकांचा. इथल्या सर्फिंगची सगळी कथा फार तर शंभर वर्षांची आहे. त्यांची हजारो वर्षांची. कड्यावर आणि वाळूच्या टेकाडांत त्यांच्या जुन्या वावराच्या जागा आहेत. एकदा खड्डा घेताना फावड्याखाली काळपट मातीचा थर लागला आणि त्यात पांढऱ्या, चुरा झालेल्या शिंपल्यांचे तुकडे. मी दोन-चार उचलून तळहातावर घेतले. गटप्रमुख बाईंनी लांबूनच हात वर केला आणि सगळ्यांची अवजारं खाली ठेवायला लावली. पूर्वी कोणीतरी तिथे बसून कालवं-शिंपले भाजून खाल्लेले असण्याची शक्यता होती. व्हिक्टोरियाच्या २००६च्या कायद्याने अशा जागांना संरक्षण आहे. तुकडे होते तिथे परत ठेवले, खड्डा भरला, जागेची नोंद कळवली आणि लागवड दुसरीकडे हलवली.

तेव्हापासून लागवडीच्या आराखड्यात आधी वाडावुरुंग लोकांच्या संस्थेशी बोलणं, मग फावडं, असा क्रम आहे. यात महिने जातात. कुरकुर करणारे असतात. पण आराखड्यातली कोणती झाडं या कड्यावर मुळात होती, हे त्या बोलण्यातूनच कळतं.

६. कोण जिंकवतं हे सांगता येत नाही, म्हणून सगळंच करावं

लाटेसाठीच्या लढ्याचं चित्र एकच छापून येतं: शेकडो सर्फर पाण्यात गोल करून बसलेले, पाणी उडवताहेत. याला इथे पॅडल-आउट म्हणतात. २०१९ साली ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या उपसागरात, दोन किलोमीटरहून खोल पाण्यात, तेलाची विहीर खणण्याच्या इक्विनॉर कंपनीच्या योजनेविरुद्ध दक्षिण किनाऱ्यावर गावोगाव हजारो लोक असे उतरले. टॉर्कीतही उतरले. त्याबरोबर हजारो हरकती लिहून गेल्या. नियामक संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये पर्यावरण आराखड्याला मान्यता दिली. आणि फेब्रुवारी २०२०मध्ये कंपनीने स्वतःच, व्यवसाय म्हणून परवडत नाही असं सांगून, योजना सोडली. आता हा विजय गोल करून बसणाऱ्यांचा, हरकती लिहिणाऱ्यांचा, की तेलाच्या भावाचा? आमच्या बैठकीत यावर एकमत झालेलं नाही.

कागदाची ताकद बघायची तर ट्रेसल्सची गोष्ट बघावी. दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे या सरकारी उद्यानातून टोल रस्ता जाणार होता. रस्ता समुद्रात नव्हता, पाण्यापासून आत होता. पण ट्रेसल्सची लाट ज्या गोट्यांच्या तळावर उभी राहते ते गोटे सॅन मॅटेओ ओढा आणतो, आणि रस्ता त्याच्या खोऱ्यातून जाणार. सर्फरांनी हा मुद्दा धरून ठेवला. फेब्रुवारी २००८मध्ये डेल मारला किनारा आयोगाची सुनावणी झाली, हजारो माणसं आली, आयोगाने ८ विरुद्ध २ मतांनी रस्ता नाकारला. डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनेही तो निर्णय कायम ठेवला. तरीही प्रकरण पुरतं मिटलं ते २०१६च्या तडजोडीनंतर. गर्दीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ओढ्यातले गोटे कुठून येतात हे शोधून मांडणाऱ्यांना कोणी ओळखत नाही.

आमच्याकडे स्प्रिंग क्रीक होतं. टॉर्की गाव आणि बेल्सच्या मागचा परिसर यांच्यामधलं हे ओहोळाचं खोरं. टॉर्की झपाट्याने वाढतं आहे, आणि या खोऱ्यात घरं व्हावीत असे प्रस्ताव वर्षानुवर्षं येत राहिले. बेल्सची एक मोठी गंमत म्हणजे पाण्यात बसून मागे वळून पाहिलं तर एकही इमारत दिसत नाही. कडा, झाडी आणि आकाश. घरं आली की सांडपाणी, दिवे, मोटारी सगळंच आलं. हरकती नोंदवायची मुदत आली की माझं स्वयंपाकघराचं टेबल कागदांनी भरायचं.

हरकत कशी लिहावी, ते सांगते. "आमचा सुंदर किनारा वाचवा" असं लिहिलं तर ती भावना म्हणून मोजली जाते आणि बाजूला पडते. आराखड्यातल्या कलमाचा क्रमांक लिहावा, त्यात काय म्हटलंय ते लिहावं, त्याने काय बिघडेल ते लिहावं, आणि त्याऐवजी काय हवं तेही लिहावं. एकाच मजकुराच्या पाचशे प्रतींपेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं बरं. शाळेतल्या मुलांनी लिहिलं तर फारच बरं, ती नको ते खरं लिहून जातात. २०१९ साली राज्य शासनाने टॉर्कीच्या आसपासचा सर्फ कोस्टचा भाग विशेष भूप्रदेश म्हणून घोषित केला. त्यातून पुढे जे धोरण आलं, त्यात गावाच्या वाढीची हद्द ठरली आणि ते खोरं घरांपासून वाचलं. धोरण जाहीर झालं त्या रात्री आमच्या गटात कोणी फटाके वाजवले नाहीत. एका बाईंनी फक्त फायलींचे खोके माळ्यावर ठेवू का, असं विचारलं. नको, असं सगळे एकदम म्हणाले.

७. एकाची लाट गेली की दुसऱ्याला मिळते, असंही होतं

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, गोल्ड कोस्टला, किरा नावाची लाट होती. तिच्या आठवणीने जुन्या सर्फरांच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. तिथे समुद्राच्या रेट्याने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते, वर्षाला साधारण ५ लाख घनमीटर. १९६०च्या दशकात ट्वीड नदीच्या मुखाशी बोटींसाठी दगडी भिंती लांबवल्या, वाळू अडली, उत्तरेचे किनारे झिजले. १९७२ला किराजवळ वाळू धरून ठेवायला दगडी बांध घातला. तरी भागेना, म्हणून २००१पासून पंप बसवून नदीखालच्या नळांमधून वाळू पलीकडे टाकायला सुरुवात झाली. झिजलेले किनारे भरून आले. स्नॅपर रॉक्सपासून पुढे वाळूचा लांबलचक सलग पट्टा तयार झाला, त्यावरच्या लाटेला सुपरबँक म्हणतात आणि ती बघायला जग येतं. किरा मात्र त्याच वाळूखाली पुरली गेली.

यात खलनायक कोण? बोटवाल्यांना सुरक्षित मुख हवं होतं, किनाऱ्यालगतच्या घरांना वाळू हवी होती, आणि सर्फरांमध्येही सुपरबँकवाले आणि किरावाले असे दोन तट. अशा ठिकाणी स्वयंसेवकाने नुसतं "निसर्ग जसा होता तसा" म्हणून चालत नाही. कोणत्या वर्षी होता तसा, हे विचारलं की पंचाईत होते. पंप किती चालवायचा, कधी थांबवायचा, यावर नजर ठेवणारी माणसं समितीत लागतात. आणि ती अभियंत्याच्या भाषेत बोलू शकणारी असावी लागतात.

८. पाटी लावली की गर्दी येते

प्रत्येक सर्फिंग गावात एक पंथ असतो: नावच घेऊ नका. त्यांचा पाटीला विरोध, नकाशाला विरोध, माझ्यासारखीने मराठीत लेख लिहिण्यालाही विरोध असणार. त्यांना हसू नये. गौरव झाला की माणसं येतात, पार्किंग पुरत नाही, घरांची भाडी चढतात, आणि ज्यांनी लाट राखली त्यांच्या मुलांना गावात घर परवडत नाही. पण बेल्स तर कधीचंच सगळ्यांना ठाऊक झालेलं आहे, तिथे गुपित राखायला काही उरलं नाही. अजून कोणाच्या नजरेत न आलेल्या जागेबद्दल मात्र मी त्या पंथाच्या बाजूने मत देईन.

येणाऱ्या पाहुण्यांसाठी: बेल्स हा पोहायचा किनारा नव्हे. तिथे जीवरक्षक नसतात. कडा आणि पायऱ्यांवरून मनसोक्त बघा, आणि भिजायचंच असेल तर टॉर्कीला किंवा जॅन जकला जाऊन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे भिजा. आपली मंडळी हे ऐकत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते.

९. किनाऱ्यावर सर्फरांशिवायही कोणी राहतं

हुडेड प्लोव्हर हा आपल्याकडच्या चिखल्या पक्ष्याचा भाऊबंद. ऑगस्ट ते मार्च हा त्याच्या विणीचा काळ, म्हणजे नेमकी लोकांच्या सुट्ट्यांची वेळ. घरटं म्हणजे उघड्या वाळूत पायाने केलेला खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. सुमारे २८ दिवस उबवण, मग पिल्लाला उडता येईपर्यंत आणखी पाचेक आठवडे. एवढा काळ कुत्रा, बूट आणि सर्फबोर्ड यांच्यातून तगायचं. स्वयंसेवक दोरी लावतात, पिल्लांना लपायला लाकडाचे छोटे आडोसे ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुत्रा बांधायची विनंती करतात. ही विनंती सर्फरला करणं सर्वांत अवघड. त्याला वाटतं, मी किनारा वाचवणाऱ्यांतला, मला काय सांगता?

कोकणात वेळासला २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांना घरोघरी जेवू घालून गावात चार पैसे येऊ लागले. आमच्या बैठकीत मी ही हकीकत सांगितली तेव्हा सगळ्यांना पहिला प्रश्न पडला तो जेवणाचा. मोदकांचा फोटो दाखवावा लागला. त्यानंतर दरवर्षी लागवडीच्या दिवशी सॉसेजच्या शेगडीशेजारी माझ्या डब्यातले बटाटेवडे असतात, आणि ते आधी संपतात.

१०. कोषाध्यक्ष आधी शोधावा, मग लाट

कोणाला बेल्ससारखं काही उभं करायचं असेल तर माझा सल्ला एवढाच. सर्फर मिळतात, भाषण करणारे मिळतात, टीशर्टवर चित्र काढून देणारेही मिळतात. पावत्या जपणारं, अनुदानाच्या अर्जाची तारीख लक्षात ठेवणारं, कड्याची जमीन एका यंत्रणेकडे, शेजारचं रान राष्ट्रीय उद्यानाकडे आणि खालचं पाणी २००२च्या सागरी राष्ट्रीय उद्यानाकडे, तेव्हा कोणतं पत्र कोणाला लिहायचं हे ठाऊक असणारं माणूस मिळत नाही. आमच्या गटाचं सरासरी वय साठीकडे चाललं आहे. मी पद सोडायचं म्हटलं की सगळे चहाच्या कपात बघू लागतात.

मुलगी आता नोकरीला ब्रिस्बेनला असते आणि सुपरबँकच्या बाजूने वाद घालते. तिच्या जागी मी गेल्या हिवाळ्यापासून आपल्या मराठी मंडळातली कॉलेजची मुलं आणते. त्यातल्या एकीला एक्सेल चांगलं येतं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. जुलैच्या लागवडीला गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. हातमोजे आम्ही देतो, बूट मात्र घरून घासून या.